वारेनिक्यांचा शुक्रवार

हान्नामावशी,

परवा तुला मातीत ठेवून आलो. तुमचे पाद्रीबाबा श्टुटगार्टहून ट्रामनं आले होते. त्यांनी जे म्हटलं त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. मी आपला गीतेतला पंधरावा अध्याय मनातल्या मनात म्हटला. तो तुला कळला नसता. आपलं हे असंच होतं. तुझं जर्मन मोडकं, माझं त्याहून मोडकं, आणि त्या दोन मोडक्या जर्मनवर आपण सात वर्षं भांडलो.

आज सकाळी ऑफिसला जाताना हे म्हणाले, "आज स्वयंपाकाचं राहू दे." मी म्हटलं बरं, आणि हे गेल्यावर मैदा काढला. बसून रडायला जमेना, हाताला काहीतरी हवं होतं. मळलेला गोळा वाडग्याखाली झाकून ठेवलाय आणि तो मुरेपर्यंत तुझ्याशी बोलत बसलेय. तू नेहमी म्हणायचीस, पीठ झाकल्यावर बाईनं बसायचं, उगीच घरभर फिरायचं नाही.

मी गेर्लिंगेनला आले तेव्हा बावीस वर्षांची होते. यांना पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंगचं काम मिळालं होतं. सकाळी सातला हे जायचे आणि मग संध्याकाळपर्यंत मी त्या दोन खोल्यांत गप्प. एका सोमवारी दारावर एक पाटी लटकलेली दिसली. मला वाटलं कुणाची चुकून राहिली असेल, म्हणून मी ती काढून खुंटीवर ठेवून दिली. शनिवारी घरमालकीण फ्राउ श्मिड लालबुंद होऊन दारात उभी. ती काय बोलत होती त्यातला एकच शब्द ओळखीचा वाटला. 'केर'. केरवोखे, केरवोखे असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि मी येड्यासारखी मान डोलावत होते, की हो बाई, केर, आमच्याकडेही केरच म्हणतात.

तू वरच्या माळ्याच्या खोलीतून खाली आलीस. डोक्याला फडकं, हातात बादली. फ्राउ श्मिडला तू काहीतरी दोन शब्दांत सांगितलंस आणि ती गेली. मग तू माझ्या हातात झाडू दिलास, स्वतः फडकं घेतलंस, आणि जिन्याच्या वरच्या पायरीपासून खाली रस्त्यापर्यंत मला दाखवत दाखवत आलीस. ज्याच्या दारावर पाटी, त्याचा आठवडा, त्यानं जिना पुसायचा. एवढंच होतं ते. मी पुण्यात घरी जिना कधी पुसला नव्हता. खाली पोचल्यावर तू माझे हात उलटेसुलटे करून बघितलेस आणि हसलीस. मग विचारलंस, "जेवलीस?"

मी सांगितलं, मांस नाही, मासे नाही, अंडं नाही. हे ऐकल्यावर या देशात सगळ्यांचे चेहरे जसे पडायचे तसा तुझा पडला नाही. तू म्हणालीस, "उपास? आमच्याकडेही असतात. ये वर."

त्या दिवशी मी पहिल्यांदा वारेनिकी खाल्ली. उकडलेला बटाटा, त्यात परतलेला कांदा, वरून पातळ मऊ पारी, त्यावर पुन्हा लोण्यात तांबूस केलेला कांदा. ताटलीत नऊ होत्या. आठवी खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तू विचारलंस, तिखट झालं का? त्यात मिरी सोडली तर तिखट काही नव्हतं. दोन महिन्यांनी माझं पोट भरलं होतं, एवढंच. पण ते सांगायला शब्द नव्हते, म्हणून मी मान हलवून नववी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी तुला सांगितलं, मला शिकव. आणि लगेच पुढे म्हटलं, मला येईलच, आमच्याकडे करंज्या असतात. माझी मुरड आमच्या आळीत नावाजलेली होती. सासूबाईंनी मला पसंत केलं ते माझ्या हातची करंजी बघून, असं यांच्या घरात सगळे म्हणायचे. मी एक वारेनिकी, दोन वारेनिक्या असंच म्हणायला लागले. तू 'वारेनिक्या' ऐकून पोट धरून हसायचीस आणि मला तसंच पुन्हा म्हणायला लावायचीस.

पहिल्या दिवशी मी तुला हात लावू दिला नाही. घट्ट पीठ मळलं, करंजीचं मळतात तसं. काठाला दूध लावलं, सुबक मुरड घातली. पंचवीस वारेनिक्या ओळीनं मांडल्या. देवघरात ठेवाव्यात अशा दिसत होत्या. उकळत्या पाण्यात टाकल्या आणि एकेक करून सगळ्या उघडल्या. बटाटा पाण्यात, पारी वर तरंगतेय. माझ्या मुरडीची लक्तरं झाली होती. तू मात्र खुर्चीवर बसून शांतपणे म्हणालीस, "तळणं वेगळं. पाणी वेगळं."

मला इतका राग आला, की तू मोरीकडे वळलीस तेव्हा मी सगळं गाळून तुझ्या केराच्या डब्यात टाकलं.

तुझा तो चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. तू डबा उघडलास, गुडघ्यावर बसलीस आणि त्या फाटक्या पाऱ्या एकेक करून बाहेर काढल्यास. धुतल्यास. वाडग्यात ठेवल्यास. मग दाराकडे बोट केलंस. आठ दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. जिन्यात समोर आलीस तरी भिंतीकडे बघत जायचीस. मी यांना म्हटलं, म्हातारीला वेड लागलंय. तू काही म्हातारी नव्हतीस, पण मी तसं म्हटलं. आज ते कबूल करते.

नवव्या दिवशी तूच दार वाजवलंस. आत येऊन बसलीस आणि टेबलाकडे बघत बोललीस. तुझ्या जर्मनमध्ये मोठी वाक्यं नव्हतीच.

"मी मुलगी होते. हिवाळा. पीठ नाही. सरकारनं पीठ नेलं. गावात कुत्रा नाही, मांजर नाही. काही आवाज नाही. दोन भाऊ होते. मार्चमध्ये एक. एप्रिलमध्ये दुसरा." मग म्हणालीस, "पीठ टाकायचं नाही, दोन्यू."

दोन्यू म्हणजे लेकी. ते मला नंतर कळलं. त्या दिवशी मी उठून तुझे पाय धरले. तू घाबरून पाय वर घेतलेस आणि आपण दोघी रडता रडता हसायला लागलो.

त्यानंतर खरी शिकले. पाणी गरम घ्यायचं, हाताला सोसेल इतकं. पीठ करंजीहून सैल, चिमटीत धरलं तर कानाच्या पाळीसारखं लागलं पाहिजे. मळून अर्धा तास वाडग्याखाली. पेल्यानं गोल कापायचे. सारण गार असलं पाहिजे, आणि काठाला त्याचा कणही लागता कामा नये. लागला की तिथून पाणी शिरलंच. काठाला कोरडं पीठही नको. आधी नुसतं चिमटून बंद करायचं, घट्ट, दोनदा, आणि मग हौस असेल तर मुरड. मी मुरड घालायचीच. तू म्हणायचीस, "पोटात गेल्यावर कोण बघतं?" तरी फ्राउ श्मिडला द्यायच्या असल्या की गपचूप माझ्याच घालायचीस ताटलीत.

माझ्या वारेनिक्या पाण्यात न फुटता वर यायला फेब्रुवारी उजाडला. पहिल्यांदा सगळ्याच्या सगळ्या अखंड वर आल्या तेव्हा तू खिडकी उघडलीस आणि खाली रस्त्यात कुणीही नसताना तुझ्या भाषेत ओरडून काहीतरी जाहीर केलंस. काय म्हणालीस ते तू मला कधी सांगितलं नाहीस.

आता त्या शुक्रवारबद्दल. पुढे दहा जणांना तू तो दहा प्रकारांनी सांगितलास. आज माझ्या तोंडून ऐक.

तू यांच्याच कारखान्याच्या काँटीनमध्ये बशा धुवायचीस. कितीतरी वर्षं. मुख्य आचारी हेर बॉयर्ले, अस्सल श्वाबी, म्हणजे इथल्याच मुलखातला माणूस, सगळ्यांना 'झी', म्हणजे तुम्ही, म्हणायचा आणि तुला एकटीला 'डू', नुसतं तू. त्यात माया नव्हती. लढाईच्या काळात तुला इथे धरून आणलं तेव्हापासून तुला कुणी 'तुम्ही' म्हटलंच नव्हतं, आणि लढाई संपल्यावरही कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. तुलाही त्याचं काही वाटत नाही असं मला वाटायचं.

त्या शरद ऋतूत काँटीनचा दुसरा आचारी हात मोडून घरी बसला. शुक्रवार बिनमांसाचा असायचा, कारण कामगारांत कॅथलिक बरेच, आणि त्या सुमाराला इटालियन मुलंही भरपूर आली होती. दोन शुक्रवार ओळीनं उकडलेल्या बटाट्यांच्या बशा जशाच्या तशा परत आल्या. परत आलेल्या बशा तुझ्याच हाताखालून जायच्या, त्यामुळे किती अन्न डब्यात जातंय हे तुझ्याइतकं कुणाला दिसत नव्हतं. तू हात पुसलेस आणि बॉयर्लेसमोर जाऊन उभी राहिलीस.

"पुढचा शुक्रवार मी करते. वारेनिकी."

"तुझं रशियन खाणं आमची माणसं खाणार नाहीत, हान्ना."

"रशियन नाही. युक्रेनी."

"तेच ते."

"तेच ते नाही."

बॉयर्लेनं म्हणे परत आलेल्या बशांच्या चळतीकडे बघितलं. मग म्हणाला, "एक शुक्रवार. फसलं तर पुन्हा बशांवर, आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही."

तू तशीच माझ्याकडे आलीस. एकशेऐंशी माणसं, माणशी सात. साडेबाराशे वारेनिक्या, आणि हात दोन. तू 'येशील का' असं विचारलं नाहीस. "पाच वाजता," एवढंच म्हणालीस.

संध्याकाळी मी यांना सांगितलं, "अहो, शुक्रवारी मी मावशीबरोबर तुमच्या काँटीनमध्ये जाणार आहे."

"जेवायला?"

"करायला."

यांनी चष्मा काढला. "तिथे माझे साहेब रांगेत उभे असतात. त्यांच्यासमोर माझी बायको एप्रन बांधून वाढणार? आणि आईला कळलं तर?"

"आई विचारतील, एवढ्यांचा घाट घातलास, मीठ बरोबर पडलं का."

"चेष्टा नको. मला आवडणार नाही ते."

लग्नाला तीन वर्षं झाली होती. 'आवडणार नाही' म्हटल्यावर मी तोवर कधी पुढे बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. म्हटलं, "या देशात मला पहिल्यांदा पोटभर जेवायला तिनं घातलं. मी जाणार. त्या दिवशी तुम्ही रांगेत येऊ नका, मी डबा करून देते." आणि आत जाऊन कांदे चिरायला घेतले.

शुक्रवारी पहाटे आपण दोघी त्या भल्यामोठ्या स्वयंपाकघरात शिरलो. बटाटे आदल्या दुपारीच उकडून, कुस्करून ठेवले होते. तू मळत होतीस, लाटत होतीस, कापत होतीस. मी भरत होते आणि चिमटत होते. पीठ भुरभुरलेल्या पांढऱ्या कापडांवर ओळी लागत गेल्या. मुरड घालायला वेळच नव्हता. नऊला मोजलं, तर निम्म्यासुद्धा झाल्या नव्हत्या. त्यात पहिली खेप पातेल्यात टाकली ती मी, घाईनं, एकदम दोनशे. पाण्याची उकळी बसली आणि त्या सगळ्या तळाला जाऊन चिकटल्या. तू मला ओरडशील असं वाटलं. तू लाकडी उलथनं घेतलंस, उलट्या बाजूनं तळाशी एकदाच हळू फिरवलंस आणि म्हणालीस, "पन्नास. एका वेळी पन्नास." आणि परत लाटायला गेलीस. सात-आठ फुटल्या, बाकी वर आल्या. फुटलेल्या आपण दोघींनी उभ्या उभ्या खाल्ल्या. सकाळपासून पोटात तेवढंच गेलं.

दहा वाजता हेर बॉयर्ले दारात येऊन उभा राहिला. कोट काढला. बाह्या सारल्या. तुझ्या शेजारचं लाटणं उचललं. तो लाटायला लागला आणि मी बघतच राहिले. काय हात होता त्याचा! एक पोळी, दुसरी, तिसरी, सगळ्या एकसारख्या. लाटता लाटता म्हणाला, "आल्झो, हे तर आपले माउल्टाशेच की!"

"नाइन! मुळीच नाही!" आपण दोघी एका सुरात ओरडलो.

"जा, जा, पीठ आणि आत सारण, म्हणजे माउल्टाशे."

"माउल्टाशे चौकोनी. हे गोल. चौकोन आणि गोल तुला शाळेत शिकवलं नाही?" तू त्याला 'डू' म्हटलंस. बहुतेक तुझ्याही लक्षात आलं नाही. तो खदाखदा हसला आणि आणखी जोरात लाटायला लागला.

बाराला खिडकी उघडली. वाढायला तू उभी, कांदा घालायला मी. पहिली पाच-सहा माणसं बशीकडे संशयानं बघत गेली. मग टेबलांवरचं बोलणं थांबलं. खाताना माणसं गप्प का झाली? मग खुर्च्या सरकल्या आणि तीच माणसं रिकाम्या बशा घेऊन पुन्हा रांगेत आली. इटालियन मुलं तर आपापसात हातवारे करून वाद घालत होती. त्यांच्या मते हे त्यांच्या गावचंच होतं आणि जर्मन लोकांनी चोरलं होतं.

त्या रांगेत ओतकामाच्या शेडमधला एक म्हातारा कामगार होता. बशी पुढे करून तो बघत राहिला. मग हळू म्हणाला, "वारेनिकी." तुझ्या उच्चारानं. मी कधी म्हणू शकले नाही तसं. आणि मग विचारलं, "चेरीच्या नाहीत?"

तुझा डाव हवेतच थांबला. "तुला कुठे मिळाल्या?"

"कैदी होतो. लढाईनंतर, तिकडे. रस्ता खणत होतो. एक बाई कुंपणावरून तीन द्यायची. रोज नाही. असल्या तर." त्यानं गावाचं नाव सांगितलं. तुझ्या गावापासून ते पायी दोन दिवसांवर आहे, असं तू मला मागाहून सांगितलंस. तो म्हणाला, "तिच्या घरातच काही नव्हतं. का दिल्या, कोण जाणे."

तू त्याच्या बशीत सात वाढल्यास. मग आणखी सहा. कांदा माझ्या हातातून घेऊन स्वतः घातलास. डाव माझ्याकडे दिलास आणि कोठीत गेलीस. पाच मिनिटांनी तोंड धुऊन परत आलीस. आत तुला काय वाटलं ते मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. आता ते राहिलंच.

तेवढ्यात मी मान वर केली तर समोर हे. हातात ट्रे. मागे यांचे साहेब.

"डबा?" मी मराठीत विचारलं.

"विसरलो," हे म्हणाले. मग साहेबांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा जर्मनमध्ये, "ही माझी बायको. आज जेवण हिनं आणि फ्राउ बोंदारेंको यांनी केलंय." कान लाल झाले होते, पण आवाज खणखणीत होता.

एक वाजता सगळं संपलं. तुझ्या त्या मोरीवर बशा आल्या, चाटून पुसून घेतल्यासारख्या. डब्यात टाकायला काही नव्हतं. तू एकेक बशी उचलून मला दाखवत होतीस, हे बघ, हे बघ. हेर बॉयर्ले आला. टाचा जुळवून उभा राहिला, आणि म्हणाला, "फ्राउ बोंदारेंको, पुढच्या शुक्रवारी आपण पुन्हा कराल का?" झी म्हणाला, मावशी. तू त्याला थोडा वेळ ताटकळत ठेवलंस. मी घड्याळ बघितलं नाही, पण चांगला वेळ ठेवलंस. मग म्हणालीस, "बशा धुवायला दुसरी बाई बघा."

त्या महिन्यात तुला पांढरी टोपी मिळाली. मलाही आठवड्याला दोन दिवसांचं काम मिळालं, आणि हे कधीच पुन्हा 'आवडणार नाही' म्हणाले नाहीत. मीरा झाली, तुला ओमा, म्हणजे आजी, म्हणायला लागली. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि तुझ्याशी मात्र तुझ्या भाषेतले शब्द बोलायची. मला हेवा वाटायचा. हेही कधी सांगितलं नव्हतं.

एक भांडण मिटायचं राहिलं. आईनं पाठवलेलं लाल तिखट आणि जिरं मी निम्म्या सारणात घालायचे. तू म्हणायचीस, "घाल, पण मग नाव बदल. या वारेनिकी नाहीत." मी म्हणायचे, पोटात गेल्यावर कोण बघतं? हॉस्पिटलमध्ये शेवटच्या रविवारी तुझ्यासाठी डबा आणला होता, तुझ्या पद्धतीच्या तीन आणि माझ्या तीन. तू माझी एक खाल्लीस. डोळे मिटून चावत राहिलीस. मला वाटलं, आता तरी कबूल करणार. तू डोळे उघडून म्हणालीस, "मीठ कमी." मी हट्टानं एक चाखली. मीठ खरंच कमी होतं.

तू गेल्याची नोंद करायला काल राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत गेलो. कारकून तरुण होता, सभ्य होता. तुझे जुने कागद पुढ्यात घेऊन तो टाइप करत होता. नाव, गाव, मग व्यवसाय. कागदावरचं वाचून तो मोठ्यानं म्हणाला, "कामकरी, परदेशी," आणि बोटं टाइपरायटरवर नेली.

मी म्हटलं, "थांबा. क्योखिन लिहा."

आमच्याकडे स्वयंपाकीण म्हटलं की मागच्या दारानं येणारी बाई डोळ्यांपुढे येते. इथे क्योखिन हा हुद्दा आहे, दारावर पाटी लावता येते. कारकून म्हणाला, कागदात तसं नाही. मी म्हटलं, कागद जुने आहेत. तो म्हणाला, पुरावा लागेल. हे पुढे झाले, पण मी यांना हातानं मागे सारलं. या गावात निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी त्याच कारखान्यात आहे. त्याला विचारलं, "तुमचे वडील कुठे कामाला आहेत?"

"पंपांच्या कारखान्यात."

"शुक्रवारी घरी येऊन काय सांगतात?"

त्याची बोटं टाइपरायटरवरून खाली आली. मग हळूहळू त्याचा सगळा चेहरा बदलला.

"वारेनिकी," तो म्हणाला. "ती बाई?"

"गेनाऊ," मी म्हटलं. "तीच बाई."

त्यानं कागद यंत्रातून काढला, नवा घातला, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं. व्यवसायापाशी आल्यावर तो थांबला नाही. एकेक अक्षर उमटत गेलं आणि ते पुरं होईपर्यंत मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत उभी राहिले.